हुसेनमामांनी बसवलेला एसी

हुसेनमामा आमच्याकडे चहाला आले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. दाढीचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या नळीला फेस फासतात. फुगा आला नाही, तरच चहा. आमच्या व्याह्यांसमोरही त्यांनी हा कार्यक्रम चुकवला नाही. व्याह्यांना वाटलं, हे गॅस एजन्सीचे साहेब.

"मास्तर, मानूस खोटं बोलंल, फेस न्हाई बोलनार!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मामा दौंडला रेल्वेत फिटर होते. मालगाडीच्या ब्रेकचे पाइप जोडण्यात हयात गेली. आपला जोड कधी फुसफुसला नाही, असं ते स्वतः सांगतात आणि त्यांच्याबरोबरचे लोकही सांगतात, म्हणून मी मानतो.

गेल्या हिवाळ्यात झुबेदामामींना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. एप्रिल उजाडला आणि पत्र्याच्या घरात दुपारची पाठ टेकवणं मुश्कील झालं. पाठीला घामोळं, झोप नाही, आणि सांगायची सोय नाही. नुसत्या छताकडे बघत राहायच्या. मामांनी पत्र्याखाली थर्माकोल ठोकलं आणि पुण्याहून एसी आणला. दुकानदाराचा माणूस आठ दिवस "उद्या येतो" म्हणत होता. नवव्या दिवशी मामांनी स्वतःच खोका फोडला.

"आपल्या घरात परक्याचा जोड कशाला?"

शिरूरच्या एका फ्रिजवाल्याकडून त्यांनी हवा खेचायचा पंप आणि नायट्रोजनची टाकी भाजीच्या टेम्पोतून आणवली. भिंतीला बाहेरच्या बाजूला उतार देऊन भोक पाडलं, म्हणजे पाणी आत येणार नाही. आतली पेटी टांगली, बाहेरची लोखंडी घोड्यांवर बसवली. तांब्याच्या पाइपांची तोंडं कर्ण्यासारखी फाकवून नट आवळले. माझ्याकडे पाना देण्याचं काम होतं. पाना चुकला की "मास्तर, शाळंत काय शिकवता?" हे ऐकायचं.

मग गळती तपासायला पाइपात नायट्रोजन भरला आणि मामांनी ब्रश फिरवला. पहिला जोड ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर चांगला बोराएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

मामा त्याच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता नटाला शिव्या बसणार. पण ते उठले, आत गेले आणि मामींच्या खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "लीक हाय. माझ्याच हातचा हाय."

झालं होतं एवढंच, की मालगाडीच्या पाइपाला लागतो तेवढा जोर त्यांनी या कोवळ्या तांब्याला लावला होता. तोंड चिरलं होतं. चिरलेला तुकडा कापला, तोंड पुन्हा फाकवलं आणि या वेळी नट इतका हळुवार फिरवला, की मी श्वास रोखून धरला. मग फेस. फुगा नाही. तरी मामांचं समाधान होईना. दिवसभर त्यांनी दाबाचा काटा राखला. आम्ही जेवलोसुद्धा पाळीपाळीनं. काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नायट्रोजन सोडून दिला, पंप लावून पाइपातली हवा आणि ओलावा खेचून काढला, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला आणि एसी सुरू झाला. गल्लीत मीच पेढे वाटले, इतका मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

दुपारी दोनला पाहिलं, तर मामा घराबाहेर. एसीच्या बाहेरच्या पेटीसमोर, गरम झोतात स्टूल टाकून बसलेले. घामानं निथळत होते.

"मामा, आत बसा की!"

"दार उघडलं की गारवा जातो. हितं हात लावून बघा."

मी हात धरला. चटका बसला.

"ही समदी गरमी तिच्या खोलीतली हाय. हितं जेवढी लागंल, तेवढी तिची कमी झाली." मग म्हणाले, "मी लायनीवर असायचो, तवा सारे उन्हाळे तिनं ह्या पत्र्याखाली काढले. कवा एका शब्दानं बोलली न्हाई. आता बोलायचं म्हनलं तरी..."

तेवढ्यात खोली पुरेशी गार झाली असावी; बाहेरची पेटी थांबली. त्या शांततेत बंद खिडकीतून मामींचं घोरणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत. मामांनी डोळे पुसले आणि ऐटीत माझ्याकडे पाहिलं, जणू तेही त्यांनीच बसवलं होतं.