केळकर आणि पोपची अर्धी गोष्ट

पोपचा विषय निघाला की केळकरचा चहा गार होतो. विषय अर्थात तोच काढतो. इथे परदेशात, तोआ पायोह नावाच्या वस्तीत आम्ही दोघं एक फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो. मी आयटीत, तो विद्यापीठात अठराव्या शतकातल्या युरोपवर संशोधन करतो. मूळचा पुण्याचा, देवळातसुद्धा न जाणारा. पण रोमची भांडणं घरच्या भाऊबंदकीसारखी सांगतो. हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या स्टॉलपुढच्या रांगेत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आधी पोर्तुगाल, मग फ्रान्स, मग स्पेन. सगळे राजे अंगावर आल्यावर एकटा पोप काय करणार, सांग." मला फक्त नूडल्स हव्या असतात.

समोरच्या फ्लॅटमध्ये मेरी आंटी एकटी राहते. ऐंशी ओलांडलेली चिनी कॅथलिक बाई. दर रविवारी चर्चहून आली की आम्हाला केक आणून द्यायची. एका रविवारी केळकरनं तिला दारातच ऐकवलं, "आंटी, राजांच्या दडपणाखाली पोपनं जेझुइट फादरांचा अख्खा संघ बरखास्त केला होता."

"कॅनॉट, लाह," आंटी इथल्या इंग्रजीच्या लकबीत म्हणाली. "पोप असं करणार नाही."

"पुरावा आहे, आंटी."

आंटीनं जाऊन आपलं दार लावून घेतलं. तिचा भाऊ जेझुइट फादर होता आणि नुकताच वारला होता, हे आम्हाला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून कळलं. केळकर त्या दिवशी जेवला नाही. पुढे आठवडाभर तो तिची बेल वाजवत राहिला. दार उघडलं नाही.

मग आंटी बाथरूममध्ये पडली. हॉस्पिटलात आम्ही गेलो तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. केळकर स्टुलावर बसला.

"आंटी, मी गोष्ट अर्धीच सांगितली होती. चाळीसेक वर्षांनी दुसऱ्या पोपनं तो संघ परत उभा केला."

आंटी भिंतीकडे बघतच म्हणाली, "आणि मधल्या वर्षांत ते फादर कुठे गेले?"

"रशियाच्या राणीनं पोपचा हुकूम मानलाच नाही, त्यामुळे तिथले टिकले. बाकीचे मिळेल तिथे राहिले. कोणी शाळेत शिकवत होते."

"म्हातारे झाले असतील."

"हो, आंटी. बरेचसे त्याआधीच गेले."

आंटी हळूच आमच्याकडे कुशीवर वळली. "माझा भाऊ पांढरा झगा घालून सायकल शिकायला गेला," ती म्हणाली, "आणि सरळ गटारात."

भेटीची वेळ संपल्याचं नर्स सांगून गेली. कुणालाही वाक्य पुरं करू न देणाऱ्या केळकरनं स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"मग?" त्यानं विचारलं.