पुटपुटेची रंगीत तालीम

आधी घरी एकदा म्हणून पाहू, एवढंच पुटपुटेने ठरवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण शहाण्या माणसाने घरात काही म्हणून पाहू नये, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुटपुटे हे त्याचं आडनाव नव्हे. विधानसभेच्या कार्यालयात इतकी वर्षं तो जे काही बोलत आला, ते समोरच्या माणसापेक्षा त्याच्याच शर्टाच्या दुसऱ्या बटणाला जास्त ऐकू जायचं, म्हणून पडलेलं ते नाव. (बटणालाही सगळं कळत असेल असं नाही.) अशा माणसावर आमदारांच्या पगाराचा फेरविचार करणाऱ्या समितीपुढे उभं राहून बोलायची पाळी आली. झालं असं, की त्याच्या विभागाचे अधिकारी निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तात्पुरती याच्याकडे आली. उपसचिवांनी बोलावून सांगितलं, की सोमवारचं सादरीकरण नीट झालं तर खुर्ची कायम, नाही तर परत आवक-जावक. आवक-जावक म्हणजे आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पत्रावरही शिक्का मारायचा. उमेदीची सगळी वर्षं पुटपुटेने तिथे घालवली होती. आता परत तिथे जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

म्हणून रविवारी जेवणं झाल्यावर त्याने घरातच समिती बसवली. आईला सोफ्यावर बसवून अध्यक्ष केलं आणि घंटी म्हणून तिच्या हातात वाटी-चमचा दिला. बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री खाली न ठेवता सांगितलं, की मी विरोधी पक्ष, मला त्याची सवय आहे.

आईने वाटीवर चमचा वाजवला. पुटपुटे उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "माननीय अध्यक्ष महोदया, परवानगी असावी." आईने वळून मागे कोण आलंय ते पाहिलं. मग तिने स्पष्ट सांगून टाकलं, की ते महोदया बिहोदया नको, अंगावर काटा येतो, सरळ आई म्हण. वाद नको म्हणून पुटपुटेने ते मान्य केलं. ("वाद नको म्हणून" हे तीन शब्द त्याच्या घराच्या दारावर पाटी करून लावायला हरकत नव्हती.)

त्यानंतर तो बैठक भत्त्यावर आला. आमदार ज्या दिवशी सभागृहात हजर असतो, त्या दिवसाचा त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता मिळतो, असं त्याने समजावलं.

"म्हणजे बसायचे पैसे?" आईने विचारलं.

"हो."

"मग ते निवडणुकीला उभे राहतात ते कशासाठी?"

"बसायला मिळावं म्हणून."

"आणि पडला तर?"

"तर घरी बसतो."

"त्याचे पैसे नाहीत ना?" आईने खात्री करून घेतली आणि तिला बरं वाटलं. तिने चमचा वाजवला आणि विरोधी पक्षाला बोलायला सांगितलं.

बायकोने प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारला. शेजारच्या राज्यांत आमदारांना किती देतात? पुटपुटे खूश झाला. शेजारच्या सगळ्या राज्यांचे आकडे त्याने स्वतः खपून गोळा केले होते. तो कागद उलटतोय तोवर बायको पुढे म्हणाली, शेजारी म्हटलं की आठवलं, शेजारच्या भाऊजींना यंदाही बढती मिळाली, आणि बढती मिळाली म्हणून ते बायकोला घेऊन कुठेशी समुद्रावर जाऊन आले.

"शेजारच्याचं नाव काढू नकोस," पुटपुटे म्हणाला.

तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा चमचा, पुन्हा "आई, परवानगी असावी", पुन्हा बैठक भत्ता, आणि दर वेळी गाडी शेजारी येऊन थांबायची. कधी त्यांचा नवा फ्रिज, कधी त्यांच्या भिंतींचा रंग, एकदा तर भाऊजींचे अजून काळे असलेले केस. दर वेळी पुटपुटे तेच वाक्य म्हणायचा आणि दर वेळी थोडं मोठ्याने म्हणायचा. दिवेलागणीपर्यंत बाकीचं भाषण होतं तसंच बटणाशी राहिलं, पण त्या एका वाक्याला त्याचा आवाज असा काही लागला, की आई कौतुकाने म्हणाली, बघ, येतंय की तुला.

सोमवारी समितीच्या दालनात लांबलचक टेबल होतं, प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा ग्लास होता आणि पुटपुटेपुढे माईक. अध्यक्ष होत्या एक निवृत्त न्यायाधीश बाई. चष्म्याच्या वरून बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उजवीकडे एक माजी मंत्री बसले होते. आवाज चढवून त्यांनी भले भले अधिकारी घरी पाठवले होते, असं म्हणत. पुटपुटेच्या मागे उपसचिव बसले.

बाईंनी टेबलावरची घंटी वाजवली. पुटपुटे उभा राहिला, माईकसमोर वाकला आणि म्हणाला, "आई, परवानगी असावी."

मागे उपसचिवांचं पेन खाली पडलं. बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण जेवणाच्या सुट्टीआधी आवरा."

पुटपुटे बोलत राहिला. बैठक भत्ता झाला, प्रवास झाला, फोनचा खर्च झाला. आता सुटलो असं त्याला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात माजी मंत्र्यांनी कागदावर फुलं काढणं थांबवलं आणि मान वर केली.

"ते सगळं ठीक आहे हो. पण शेजारी किती देतात?"

"शेजारच्याचं नाव काढू नकोस."

वाक्य सुरेख आलं. खणखणीत, स्वच्छ, माईकमधून शेवटच्या खुर्चीपर्यंत. माजी मंत्री खुर्चीतून निम्मे उठले. मला अरे-तुरे करतो हा, असं काहीतरी ते मिशीतल्या मिशीत म्हणाले. पुटपुटेच्या डोळ्यांपुढे आवक-जावकचे शिक्के नाचायला लागले. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

पण बाईंनी हात वर केला.

"बसा. बोलायची रीत चुकली, पण मुद्दा बघा. ते वाढवतात म्हणून आपण वाढवायचं, आणि आपण वाढवलं की ते पुन्हा वाढवणार. काम किती झालं हे विचारायला फुरसत कुणाला आहे? शेजारच्या राज्यांशी तुलना करणंच सोडून द्यावं, असं यांचं म्हणणं दिसतंय. असंच ना हो?"

पुटपुटेचं असं काहीही म्हणणं नव्हतं. उलट शेजारच्या राज्यांचे आकडे पुढच्याच कागदावर होते. त्याने तो कागद हळूच पालथा घातला.

"असंच, आई," तो म्हणाला.

सगळ्यात आधी हसले ते माजी मंत्री. आमच्याकडेही रोज शेजारच्यावरूनच सुरू होतं, असं त्यांनी भर सभेत कबूल केलं. मग सगळं टेबल हसलं आणि तुलना नको हा मुद्दा एकमताने लिहून घेतला गेला. बाहेर आल्यावर पुटपुटे जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. उपसचिव मागोमाग आले आणि त्यांनी कानात सांगितलं, की खुर्ची कायम, बाईंनीच शिफारस केली, आणि ती कोणत्या शब्दांत तेही सांगितलं. पुटपुटेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं हलकं त्याला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं, आणि लग्न झाल्यावर तर नव्हतंच नव्हतं.

घरी त्याने सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. आईने देवाला हात जोडले. बायकोचे डोळे भरून आले. तिने विचारलं, की बाईंनी शिफारस केली म्हणजे नेमकं काय म्हणाल्या? पुटपुटे जरा घुटमळला. पण आनंदाच्या भरात माणसाचा तोल जातो, तसा त्याचाही गेला.

"म्हणाल्या, माणूस अभ्यासू आहे. घरी बिचाऱ्याला कुणी बोलू देत नसावं, म्हणून इथे येऊन ओरडतो. याला इथेच ठेवा."

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, की आम्ही बोलू देत नाही? बायको म्हणाली, की काहीतरीच बाई, आम्ही कधी अडवलं यांना? मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. खुलासा करावा म्हणून पुटपुटेने तोंड उघडलं.

"तू थांब रे," आई म्हणाली, "आम्ही बोलतोय ना."