नेमाण्णांची उलटतपासणी

आमच्या शेजारच्या नेमाण्णांना फोन करायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते. "अण्णा, मी धाकटा बोलतोय," असं सख्ख्या भावानं म्हटलं तरी हे विचारणार, "धाकटा व्हय? मग सांग, आपली आई भाकरी कुठल्या हातानं थापायची?" भाऊ बिचारा "डाव्या" म्हणतो, तेव्हा कुठं पुढचं बोलणं.

माधवनगरच्या गिरणीत अण्णांनी जन्मभर सूत तपासलं. आता गिरणी गेली, मोबाइल आला, आणि अण्णा माणसं तपासतात. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा तर ते जीव नकोसा करतात. "ओटीपी पायजे? देतो की. आदी तुझ्या सायबाला फोन दे. आता त्येच्या सायबाला दे." शेवटी चोरच कंटाळून फोन ठेवतो.

टपरीवर चहाचे दहा रुपये द्यायचे, तरी डोक्यावरून टॉवेल ओढून पिन दाबणार. मी एकदा म्हटलं, "अण्णा, वाफारा घेताय का?"

"हसा वैनी, हसा. पैसं गेल्यावर कुणी रडाय येत न्हाई."

आता यांना काय बोलायचं?

गेल्या महिन्यात मी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. अनोळखी नंबरावरून अण्णांना फोन आला, त्यांनी स्पीकर लावला. त्यांची एकुलती लेक शोभा, म्हसवडला दिलेली, रडत होती. जावयाची गाडी घसरली होती, दोघांचे फोन फुटले होते, दवाखान्यात वीस हजार भरल्याशिवाय ऑपरेशनला घेत नव्हते.

"अण्णा, ह्याच नंबरावर पाठवा. लौकर."

अण्णा म्हणाले, "आपल्या दाराम्होरं झाड कशाचं हाय?"

"आवं, झाड काय इचारताय आता? शेवग्याचं."

अण्णांनी फोन कट केला. "चोर हाय. लेकीचा आवाज बी काढत्यात आता."

दारासमोर तर लिंबाचं झाड होतं, माझ्या कमरेएवढं. मी घाबरून जावयाचा नंबर लावायला सांगितला. बंद. शोभाचाही बंद. अण्णा लिंबाकडं बघत बसले.

"वैनी, शेवगा कवा तोडला ओ?"

"दोन वर्षं झाली की. फांदी तारेवर पडली तेव्हा."

अण्णा एकदम उभे राहिले. "मग चोराला शेवगा कुठनं ठावा?"

सासू अंथरुणाला खिळल्यापासून शोभाला माहेरी येताच आलं नव्हतं. तिच्या लेखी दारात अजून शेवगाच होता.

अण्णांचा पिन घाईत दोनदा चुकला. फोन माझ्या हातात कोंबला आणि पिन एवढ्या मोठ्यानं सांगितला की अख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. पैसे गेले. मग त्यांनी त्याच नंबरावर फोन लावला.

"मिळालं? भर जा. मी आलोच यष्टीनं." मग पायात चप्पल सरकवत म्हणाले, "शोभे, शेवगा तोडला गं आपण."

पलीकडून बारीक आवाजात, "कवा ओ?"

"परवाच की," अण्णा म्हणाले.