पाच वाजताचा बाक

गल्लीत त्यांना सगळे नकाशेबुवा म्हणत. निवृत्त झाल्यावर कुणी बाग लावतं, कुणी शेजाऱ्यांशी भांडतं. टपालकचेरीतून सुटलेले बुवा नकाशा भरू लागले. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हे. लोकांनीच भरायचा आणि लोकांनीच फुकट वापरायचा. बुवांनी फोनवरून त्यात पाण्याचे नळ भरले, दवाखाने भरले, गतिरोधकसुद्धा भरले (स्कूटरवरून आपटून मोजलेले). 'जे आहे ते नोंदवायचं' हा त्यांचा बाणा, आणि भेटेल त्याला तो समजावून सांगणं हा छंद.

त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. दिवसभर चाळीस पोरांचा कलकलाट आणि घरी आलं की बुवा. तरी एका रविवारी तिने मोठ्या विश्वासाने त्यांना पाण्याच्या टाकीमागचा बाक दाखवला.

"रोज पाचला अर्धा तास इथे बसते. कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही."

बुवांना अगदी भरून आलं. इतकं, की घरी पोहोचायच्या आत बाक नकाशावर चढला. पाठ टेकायला आहे, सावली आहे, शांतता उत्तम.

आठवड्याने ती पाच वाजून दहा मिनिटांनीच परत आली.

"माझ्या बाकावर चौघं होते. एक मला विचारतो, 'तुम्हालाही नकाशावरच सापडला का?'"

बुवांना क्षणभर अभिमान वाटला (खोटं कशाला बोला), मग बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"अहो, माझं म्हणून तेवढंच होतं हो," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. भांडली असती तर बुवांना बरं वाटलं असतं.

त्यांनी लगेच बाक खोडला. सकाळी पाहतात तो बाक परत हजर! 'होकायंत्र' असं टोपणनाव घेतलेल्या एका स्वयंसेवकाने खाली विचारलं होतं, "बाक जागेवर असताना खोडला का? कारण द्यावे."

बुवांनी प्रामाणिकपणे कारण दिलं. "माझी पत्नी तिथे रोज पाच वाजता एकटीच बसते. कृपया कुणी जाऊ नये."

दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा! आई रोज किती वाजता कुठे एकटी असते, हे अख्ख्या जगाला सांगितलंत? तेही स्वतःच्या नावानिशी?"

"पण मी 'कृपया' लिहिलं होतं गं."

लेकीने नकाशाच्या व्यवस्थापकांना गाठून ती ओळ झाकायला लावली. बाक मात्र राहिला. होकायंत्राने कळवलं, "उद्या पाच वाजता स्वतः येऊन पाहतो."

बुवा पावणेपाचलाच जाऊन बसले. होकायंत्र म्हणजे एक दंतवैद्य निघाला. बुवांनी बायकोचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली, त्यावरून ओघाने नकाशावर आले, तिथून गतिरोधकांवर. बाकावरचे बाकीचे एकेक करून उठले. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या त्या दंतवैद्याला स्वतःचं तोंड उघडायला फट मिळेना. सव्वासात वाजता तो सुटला.

दुसऱ्या दिवशी बाकाच्या नोंदीखाली नवी ओळ आली होती. "बाक आहे. सावलीही आहे. मात्र संध्याकाळी पाच वाजता एक गृहस्थ नकाशाबद्दल बोलतात. प्रत्यक्ष जाऊन खात्री केली आहे."

त्या दिवसापासून पाचच्या सुमाराला टाकीमागे चिटपाखरू फिरकेना.

"ही बदनामी आहे!" बुवा कडाडले. "आत्ताच्या आत्ता खोडतो."

"खबरदार! जे आहे ते नोंदवायचं ना?" बायको कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. तिने त्यांच्या हातातला फोन काढून फळीवर ठेवला आणि चपला घातल्या. "चला, आज तुम्हीही या."

बुवांनी घाईघाईने स्वतःच्या चपला शोधल्या. तिने माफ केलं होतं. "अगं, मी अवाक्षर बोलणार नाही. शपथ!"

"नकाच बोलू," ती मायेने म्हणाली. "नुसते लांबून दिसाल असे बसा, म्हणजे झालं."