बंबाची घंटा

पोकर कोणालाही शिकवता येतो. हो, कोणालाही! ज्या माणसाने जन्मभर तिसरीच्या पोरांना भागाकार शिकवला, त्याला हे काय अवघड?

हे वाक्य मी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, आ वासून म्हणालो. डॉक्टर माइते इतुर्बे माझीच विद्यार्थिनी. वर्गात तिचं लक्ष कधी फळ्याकडे नसायचं.

"मग मला शिकवा की, प्लंकेट सर," ती म्हणाली. "पण आधी चूळ भरा."

आमच्या नेवाडातल्या गावात अग्निशमन दलाची पोकरची स्पर्धा दर जूनमध्ये होते. पैशाचं बक्षीस नाही. जिंकणारा चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जुन्या बंबावर पुढे बसतो आणि गावभर घंटा बडवत जातो. ती घंटा वाजवायची हौस मला चड्डीत असल्यापासून आहे. आता माझे नातू दाढी करतात!

आमच्या स्वयंपाकघरात, बोली लावायच्या चकत्यांऐवजी राजमा घेऊन शिकवणी सुरू झाली.

"आलेले पत्ते बहुतेक वेळा टाकून द्यायचे, तो डाव सोडायचा."

"मग खेळायचं कधी?"

"टाकणं हेच खेळणं, बाळ! नवशिका कंटाळतो, वाट्टेल त्या पत्त्यांवर उतरतो आणि बुडतो. दुसरं, शक्यतो इतरांनंतर बोलायची पाळी असेल तेव्हाच खेळ. चार जणांचं ऐकून बोलणारा शहाणा. आणि मेजावरचे उघडे पत्ते सगळ्यांचे, हातातले दोन आपले; ते एकदाच बघायचे. मग बघायचं माणसांकडे."

"तुमच्याकडेही?"

"माझ्या चेहऱ्यावर काय दिसणार? दगड आहे दगड!"

ओट्यापाशी माझी बायको हेझल जोरात खोकली. मला वाटलं, मिरचीचा ठसका.

स्पर्धेला बंबघर गच्च भरलं. अर्धे खेळाडू माझेच विद्यार्थी. मी चांगल्या पत्त्यांवर बोली लावली की सगळे पटापट पत्ते टाकत. काय माझा दरारा! हलक्या पत्त्यांवर मोठी बोली लावून थाप मारली, की मात्र कोणीतरी हटकून आडवं येई. नशीब, दुसरं काय! पण दोनदा शेवटच्या क्षणी मेजावर एक्का उतरला आणि मला तारून गेला. असा रडतखडत मी शेवटच्या दोघांत पोचलो.

समोर माइते! दुपारभर ती शेंगांची टरफलं टाकावीत तसे पत्ते टाकत आली होती.

आणि माझ्या हातात दोन राजे आले. मेजावर तिसरा! घंटेचा आवाज कानात घुमायला लागला. दगडासारखा बसून मी अर्ध्या चकत्या पुढे सारल्या.

माइते माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपले पत्ते उलटे करून दाखवले आणि टाकून दिले. दोन राण्या! मेजावरची धरून तीन!

"अगं ए वेडे, तीन राण्या कोणी टाकतं का?" दलप्रमुख ऑर्विल ओरडला.

"सरांकडे तीन राजे आहेत," दाढ किडल्याचं सांगावं तसं ती म्हणाली.

ही मुलगी आहे की क्ष-किरण?

पुढच्या डावात माझ्याकडे निव्वळ केरकचरा. म्हटलं, आता घाबरवतोच! सगळ्या चकत्या लोटल्या.

तिने परत पाहिलं. "मी आहे, सर." तिच्याकडे फक्त चौकीची जोडी. तेवढ्यावर मी संपलो!

"कळलं कसं तुला?" मी जवळजवळ किंचाळलो.

"अहो, तुमचा टाय! पत्ते चांगले आले की तुम्ही गाठ वर सरकवता. अचानक चाचणी घेण्याआधी सरकवायचात, तश्शीच!"

"गाठ हलली की माझं तर पोट दुखायला लागायचं," ऑर्विल म्हणाला. सगळं बंबघर माना डोलावत होतं. सगळं!

"हेझल, तूसुद्धा?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी थक्क होऊन माइतेकडे बघत राहिलो. दर सहामाहीला मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहायचो, 'लक्ष नसते.' अरे, होतं की! फळ्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. आणि काय ते लक्ष!

चार जुलैला बंब माझ्यासमोर येऊन थांबला. वरून माइते ओरडली, "सर, चढा! वाजवणार ना घंटा?"

"छे! मला कसली हौस? पोरखेळ नुसता!" मी दगडी चेहऱ्याने म्हणालो. टाय तर मी मुद्दामच घरी ठेवून आलो होतो.

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, सरकून जागा केली आणि घंटेची दोरी पुढे धरली.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. माझा हात गळ्याशी होता, आणि नसलेली गाठ वर सरकवत होता!