दोरीचं दुसरं टोक

वाचनालयाची पुस्तकं खराब करणाऱ्या माणसाचं अक्षर खरं तर घाणेरडं असायला हवं. म्हणजे आपल्याला मनसोक्त चिडता तरी येतं. भूपाल पेंटरांच्या बाबतीत देवानं माझी तीही सोय ठेवली नाही. हा माणूस पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं 'खोटं' असा शेरा मारतो, आणि त्या 'ख'ची गोलाई, त्या मात्रेचा झोक बघून खोडरबर हातात धरलेली मी पाच मिनिटं तशीच बसून राहते. मग स्वतःचाच राग येतो आणि मी खसाखसा खोडायला लागते.

पलूसच्या आमच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. स्वभावानं तापट आहे हे मी कशाला सांगू, गावात कुणालाही विचारा. पण मलाही पुरून उरणारा एक सभासद आहे, तो हा. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काठी, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानावर पेन्सिल. पलूस, कडेगाव, पार तिकडं शिराळ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं यांनीच रंगवली. आता फ्लेक्स आले. कोपऱ्याकोपऱ्यावर गॉगल लावलेली पोरं वाढदिवसाचे हार घालून लटकायला लागली. आण्णा अशा फ्लेक्ससमोर उभे राहून मोठ्यांदा भांडतात. "ह्या अक्षराला पाय हायत का? नुसतं लोंबकळतंय गड्या!" ज्याचा वाढदिवस, तो शेजारी उभा असला तरी.

जैन घरातला माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. साडेपाच वाजले की हातातलं पुस्तक अर्ध्या वाक्यात मिटून घरी. खून कुणी केला हे पुढच्याच पानावर असलं तरी बसायचे नाहीत. आणि कुठल्याही वादात त्यांचं एक पालुपद ठरलेलं, "हाताला इचारा." कुणी म्हणालं, अमुक पाटी एका दिवसात होईल की, तर म्हणणार, "तोंडाला काय, व्हईल. हाताला इचारा." मंत्र्यांच्या भाषणालाही हेच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यालाही हेच.

तर आमच्याकडं ती कादंबरी आली. नाव सांगत नाही, कारण लेखकाबद्दल आता माझं मत बरं नाही. साताऱ्याकडच्या जुन्या काळातल्या एका संस्थानात नरहरी चितारी म्हणून चित्रकार होता, त्याच्यावर साडेचारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. नरहरी मोठा कलावंत, म्हणून अर्थातच दारुडा, अर्धवेडा, तीन-तीन दिवस उपाशी राहणारा. दरबारच्या दालनाची चाळीस हातांची भिंत तो आतून कडी लावून, कुणालाही जवळ येऊ न देता, एकट्यानं रंगवतो आणि शेवटी वेडा होतो. बायको दोन ठिकाणी येते. एकदा भाकरीवरून भांडायला आणि एकदा विहिरीत उडी मारायला. पुस्तकाला बक्षीस मिळालेलं, वाचायला सभासदांची रांग लागलेली, आणि आण्णांनी ते दोन महिने घरी ठेवलं.

परत आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान नाही की जिथं शेरा नाही! नरहरी दारू पिऊन देवीची भुवई रेखतो, तिथं 'हाताला इचारा.' तीन दिवसांचा उपाशी नरहरी शिडीवर चढतो, तिथं 'पडंल.' दिव्याच्या उजेडात शालूला हिरवा रंग देतो, तिथं 'दिव्यात निळा-हिरवा वळकून दाखव.' आणि नरहरी गेरूत भिजवलेली दोरी भिंतीवर मारतो, तिथं प्रत्येक वेळी एकच प्रश्न, खाली दुहेरी रेघ ओढून: 'दुसरं टोक कुणी धरलं?'

"आण्णा, हे पुस्तक आहे का तुमची पाटी?" मी काउंटरवर पुस्तक आपटलं. "तुमचं नाव कमी करते आता. कायमचं!"

"करा," आण्णा म्हणाले. "पर आधी सांगा, दुसरं टोक कुणी धरलं?"

मग त्यांनी खिशातून दोरी काढली. खरंच काढली, खिशात असते त्यांच्या. लांब सरळ रेघ हवी असली, की दोरीला रंग लावतात, दोन माणसं दोन टोकांना ताणून धरतात, मधे चिमटीत ओढून सोडली की भिंतीवर फाडकन रेघ उमटते. चाळीस हातांची भिंत या रेघांशिवाय चितारता येत नाही. "आन ह्यो म्हणतोय, गडी एकटाच व्हता. कडी लावून!"

"अहो, खिळा ठोकला असेल."

"राजवाड्याच्या भितीला?" आण्णा इतक्या जोरात ओरडले की वर्तमानपत्र वाचणारे दोघं उठून उभे राहिले. "चुन्याचा घोटीव गिलावा आसतोय बाई तो! खिळा मारला की पोपडा उडंल. राजा हात तोडंल! माणूसच लागतंय. आन ते बी घरचंच. भाईरचा गडी दोरी ढिली सोडतोय. बायकूनंच धरली आसणार. चाळीस हात भित तिनं बी केलीया, आन ह्या बाबानं तिला भाकरीपुरती ठिवली आन हिरीत ढकलली!"

कुसुमकाकूंना, म्हणजे आण्णांच्या बायकोला, आम्ही सगळ्यांनी तसंच पाहिलेलं. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन दोरीचं टोक धरून उभ्या. आण्णा पुढं सायकल चालवायचे, काकू मागं कॅरिअरवर, मांडीवर रंगाचे डबे. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पण म्हणून वाचनालयाचं पुस्तक रंगवायचं? मी तसं म्हणालेही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आण्णांनी तेच पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर लिहायला लावलं.

आणि त्याच महिन्यात आमच्या अध्यक्षांनी व्याख्यानमालेला नेमक्या त्याच लेखकाला बोलावलं.

बातमी कळली त्या दिवसापासून आण्णांनी माझ्या डोक्याला ताप दिला. त्यांची मागणी एकच. पुढच्या आवृत्तीत लेखकानं फक्त एक ओळ घालायची, नरहरीची दोरी त्याच्या बायकोनं धरली होती. "दारू ऱ्हाऊ दे. येडा ऱ्हाऊ दे. तेवढी एक वळ. म्हंजी झालं." अध्यक्षांनी मला बजावलं, त्या म्हाताऱ्याच्या हातात माइक गेला तर याद राखा. मी आण्णांकडून शपथेवर वचन घेतलं की प्रश्न तोंडी विचारायचा नाही, लेखी द्यायचा. वचन देताना त्यांचा चेहरा इतका गरीब होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्यांनी प्रश्न लेखी आणला. चार फुटी पत्र्यावर. पिवळी जमीन, त्यावर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली: 'नरहरी चिताऱ्याच्या दोरीचं दुसरं टोक कुणी धरलं?' पत्रा गुडघ्यावर उभा धरून आण्णा पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पत्रा मीच कापून दिलाय.

कार्यक्रम पाचचा. लेखकमहाशयांची गाडी सांगलीहून साडेसहाला आली. वाटेत कुणाकडं तरी जेवण झालं म्हणे, मग वामकुक्षीही झाली. दिवस मावळत आला तशी मी आण्णांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "घरी जाऊन जेवून या." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मावळतीनंतर हा माणूस पाण्याशिवाय काही घेत नाही, म्हणजे आता थेट सकाळपर्यंत उपाशी. तरी जागचे हलले नाहीत.

लेखक बोलायला उभे राहिले. 'कलावंताचं एकटेपण' हा विषय. पण नजर फिरवली की पुढं लाल अक्षरं! दोनदा वाक्य विसरले. शेवटी हसत म्हणाले, "या आजोबांचा काहीतरी प्रश्न दिसतोय."

आण्णा उभे राहिले. वचन पाळायचं म्हणून तोंडानं काही बोलले नाहीत, पत्रा तेवढा छातीशी उचलून धरला.

"अहो आजोबा," लेखक म्हणाले, "कलावंत मुळात एकटाच असतो. आणि दोरी धरायला बायको कशाला हवी? एक खिळा पुरतो की!"

सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. मी मात्र खुश झाले. म्हटलं, आता बघा गंमत, आता आण्णा गिलावा काढतील आणि पाहुण्याची बोबडी वळवतील. मी वाट बघत राहिले. आण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. पत्रा काखेत मारला आणि रांगेतल्या लोकांच्या पायांतून वाट काढत निघून गेले.

माझं डोकं फिरलं. कुणावर, तेही धड कळेना. मी मागच्या भिंतीपासून ओरडले, "चुन्याचा गिलावा असतो तिथं! खिळ्यानं पोपडा उडतो! एवढं विचारून लिहायचं होतं!" सगळी डोकी माझ्याकडं वळली. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. लेखक म्हणाले, "छान, छान, चर्चा व्हायलाच हवी," आणि पाणी प्याले. हे आमचे साहित्यिक! साडेचारशे पानांत एका बाईला उभं राहायला हातभर जागा देता येत नाही यांना, आणि वर हसून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आण्णांना शोधत निघाले. भांडायलाच निघाले होते. माझी एवढी शोभा झाली आणि हे मुकाट निघून जातात म्हणजे काय? प्राथमिक शाळेच्या मागच्या भिंतीवर पाढे लिहायचं काम चालू होतं. आण्णांनी खिडकीच्या चौकटीत खिळा ठोकला होता, त्याला दोरी बांधली होती, आणि दुसरं टोक ताणून रेघ मारत होते. रेघ उमटली. सरळ, चोख.

"काल का बोलला नाहीत?" मी लांबूनच सुरू केलं. "गिलाव्याचं का नाही सांगितलंत? एवढा पत्रा रंगवलात, उपाशी बसलात, आणि नेमकं उत्तर द्यायच्या वेळी दातखीळ बसली?"

"काय सांगू?" आण्णा रेघेकडं बघत म्हणाले. "खिळा पुरतोय की. दिसतंय न्हवं तुमास्नी."

"मग काकूंना चाळीस वर्षं उन्हात कशाला उभं केलंत?" रागात माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर मीच चरकले.

आण्णा चिडले नाहीत. पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खिळं मी पयल्यापासनं आणायचो, बाई," ते म्हणाले. "बाजारातनं पुडी आणायची, पिशवीत टाकायची, आन कामावर निघताना बगावं तर पुडी गायब. दर खेपंला! शेजारी सुतार हाय आमच्या, मी त्याच्यावर आळ घेतला. बोलणं बंद केलं त्याच्याशी. कुसुम म्हणायची, 'आवं, तुमीच कुटंतरी इसरला आसाल. ऱ्हाऊ द्या आता, ऊन व्हतंय. चला, मी धरते.' आन बगावं तर बया चपला घालून दारात उभी."

आण्णांनी रुमालानं तोंड पुसलं, पण ते रंगाचं फडकं होतं, गालाला गेरू लागला.

"ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली. लुगड्याखाली तुपाचा जुना डबा व्हता. उचलंना. बगतोय तर खिळं. सगळ्या पुड्या तशाच, दोरा बी सोडल्याला न्हाई. घरात सासू, चार जावा, दिवसभर चुलीम्होरं. शिराळा बगायचा व्हता तिला, कडेगाव बगायचं व्हतं. काल त्यो म्हणला, एक खिळा पुरतोय, आन माझ्या डोळ्याम्होरं त्यो डबाच उभा ऱ्हायला. कसं बोलणार?"

"आता वापरता ते हेच खिळे?" मी विचारलं.

"छ्या! ते बाजारातनं आणलंत. तिचा डबा तितंच हाय."

मी पुढं झाले आणि चौकटीतला खिळा हलवून काढला. "आणा इकडं ते टोक," म्हणाले. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, दोरी हातात दिली आणि लगेच खेकसले, "ढिली सोडू नगा! हाताला इचारा जरा!" तीन रेघा मारल्या आम्ही. तिन्ही वाकड्या आल्या. पुसल्या, पुन्हा मारायला घेतल्या. उन्हानं माझं डोकं भणभणायला लागलं, आणि काकू इथं दिवसच्या दिवस कशा उभ्या राहत असतील हे मला पहिल्यांदा कळलं.

चौथी रेघ जरा बरी आली. आण्णा दोरी गुंडाळता गुंडाळता एकदम थांबले.

"एवढं खिळं चोरण्यापरास सरळ म्हणायचं की तिनं, 'मला संगं यायचंय' म्हणून!" ते तावातावानं बोलले, काकू समोर असल्यासारखे. मग आवाज खाली आला. "आन मी तरी, चाळीस वर्सात एकदा तरी म्हणलो का तिला, 'चल' म्हणून?"