शरणागतीचा अंक

फोन वाजला तेव्हा दातांच्या डॉक्टरांचा हात पेशंटच्या दाढेत होता. त्यांनी खांद्याने फोन कानाशी धरला.

"साहेब, तुमच्या घराला कुलूप होतं," कुरिअरवाला म्हणाला. "पाकीट समोरच्यांकडे दिलंय."

"समोरच्यांकडे? अहो, ते आज घर बदलतायत."

डॉक्टरांचा चेहरा असा उतरला की, तोंडात कापूस कोंबलेला पेशंटच "ऊं?" करून त्यांची चौकशी करू लागला.

पाकिटात दीडशे वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र होतं. लढाईच्या काळातली अस्सल वर्तमानपत्रं जमवायची, हा डॉक्टरांचा नाद. एकाच युद्धाचे अंक गोळा करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पहिली तोफ डागल्याचा अंक होता, वेढ्याचे होते, माघारीचे होते. फक्त शत्रू शरण आला तो अंक हुलकावणी देत होता. बायको म्हणायची, "युद्ध जगात कधीच संपलं, आमच्या कपाटात अजून चालूच आहे."

दाढ नीट भरूनच डॉक्टर निघाले. कामात कुचराई त्यांना चालत नसे. घरी पोचले तर समोरचा फ्लॅट रिकामा. त्यांनी तिथल्या वहिनींना फोन लावला.

"पाकीट आलं होतं की," वहिनी म्हणाल्या. "सामान बांधणाऱ्याला म्हटलं, नीट ठेव. थांबा, त्याला विचारते." मग जरा खालच्या आवाजात, "डॉक्टर, रागावू नका हं. पाकिटातला पुठ्ठा आरसा बांधायला वापरला, आणि आतला कागद कुठल्याशा कपाला गुंडाळलाय. जुनाच होता म्हणतो."

डॉक्टर रागावले नाहीत. नुकत्याच घरी परतलेल्या बायकोला गाडीत घातलं आणि वहिनींचं नवं घर गाठलं.

तिथे खोकी छतापर्यंत रचलेली, आणि सगळ्यांवर एकच शब्द: स्वयंपाकघर. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. किडका दात काढावा तशा हलक्या बोटांनी ते एकेक कप सोडवू लागले. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा, चिवट असतो. त्याला कपाने काही होणार नाही, असा स्वतःलाच धीर देत होते.

"उघडताच आहात तर फडताळात मांडूनही टाका," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी कप मांडले. बशा मांडल्या. बरण्या पुसून लावल्या. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"घरी स्वतःचा कप कधी विसळला नाहीत," ती म्हणाली आणि पदर खोचून मदतीला बसली.

शेवटचं खोकं रिकामं झालं. स्वयंपाकघर लखलखत होतं. अंक मात्र नव्हता.

"एक कप कमी दिसतोय," डॉक्टर म्हणाले. हार मानायची त्यांना सवय नव्हती.

"मामंजींचा असेल. आल्या आल्या चहा हवा होता त्यांना."

वहिनींचे सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. हातात भिंग, मांडीवर तो अंक.

"आजोबा, ते जरा..."

"थांबा. नव्या पत्त्यावर पेपर यायला लागला नाही अजून. एवढाच मिळालाय. मधलं पान राहिलंय माझं."

डॉक्टर मुकाट्याने शेजारी टेकले. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "शरण आले म्हणे. मला वाटलंच होतं. नदी ओलांडताना तोफा मागे ठेवल्या ना त्यांनी."

डॉक्टर सावरून बसले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी या युद्धावर कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. "तोफा ठेवल्या नव्हत्या, रुतल्या होत्या," ते उत्साहाने म्हणाले, आणि दोघांची अशी जुंपली की वहिनींनी दोनदा चहा आणून ठेवला, तो निवला.

अखेर आजोबांनी अंक घडीवर घडी घालून परत दिला. "छान आहे. पण उद्याचा आणा."

"उद्याचा? युद्ध तर संपलं."

"ते संपू दे हो. सैन्याच्या पावात लाकडाचा भुसा मिसळणारा तो ठेकेदार. मधल्या पानावर, खाली कोपऱ्यात. कोर्ट उद्या निकाल देणार आहे."

डॉक्टरांनी कोपरा वाचला. पुन्हा वाचला. कपाटभर अंक जमवले, पण पहिल्या पानाच्या पुढे ते कधी गेलेच नव्हते.

जिना उतरताना बायको म्हणाली, "सुटलो एकदाचे. मिळाला ना शेवटचा अंक?"

डॉक्टरांनी बोटाने तिला गप्प राहायची खूण केली. ते जुन्या अंकांच्या विक्रेत्याशी फोनवर बोलत होते.

"दुसऱ्या दिवशीचा," ते सांगत होते. "आणि हे बघा, त्याने अपील केलं असेल तर पुढचेही लागतील."